धुरपदाबाईंचा छत्रीमंत्र

बेंबळीत एक गोष्ट कितीतरी दिवस कानाला तोंड लावून सांगितली जात होती. धुरपदाबाईंना म्हणे मंत्र येतो. विंचवाचा नव्हे, सापाचा नव्हे, आभाळातून पडणाऱ्या माणसाचा. छत्री घडी करताना त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात, आणि मग ती छत्री पाठीला बांधून माणसानं दहा हजार फुटांवरून उडी टाकली तरी त्याच्या केसाला धक्का लागत नाही.

ही बातमी निघाली बसस्टँडवरच्या व्यंकटच्या हॉटेलातून. व्यंकटचा चहा तीन घोटांचा आणि बातमी तीन कोसांची. स्टँडवरून धनगरगल्लीत पोचेपर्यंत त्या मंत्राला लिंबू चिकटलं, शाळेपर्यंत अमावास्या चिकटली. मंत्र मिळाला कुठून, यावरही दोन पक्ष पडले. एक म्हणायचा, येडाईच्या डोंगरावर एका जोगतिणीनं दिला. दुसरा म्हणायचा, तेरखेड्याच्या एका म्हाताऱ्या फटाकेवाल्यानं. त्यावर व्यंकटच डोळा बारीक करून विचारायचा, "अरे, तेरखेड्यात वर जायाचा मंत्र मिळंल. खाली यायाचा कुठून मिळंल?"

आता आधी माळाचं सांगायला हवं, कारण धुरपदाबाई आणि छत्री यांची गाठ तिथं पडली.

बेंबळीच्या शिवाराला लागून एक पडीक माळ आहे. कुसळाशिवाय तिथं काही उगवत नाही. त्यावर कधीकाळची एक धावपट्टी आहे. दर हिवाळ्यात, संक्रांतीच्या मागंपुढं दोन महिने, तिथं विमानातून उड्या मारणाऱ्यांचा तळ पडतो. एक छोटं विमान, चार-सहा तंबू, एक पत्र्याची शेड आणि पुणे, सोलापूर, हैदराबादेकडून आलेली वीस-पंचवीस माणसं. ती स्वतःला स्कायडायव्हर म्हणवून घेतात. बेंबळीकरांनी त्यांचं बारसं केलं 'पडीक'. पडीक रानात येऊन पडतात, म्हणून पडीक. त्यांनाही ते नाव इतकं आवडलं, की त्यांनी बनियनवर छापून घेतलं.

तळाचे कारभारी ईरण्णा. उमरग्याकडचे, पॅराशूट पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मिशी अशी की वाऱ्याची दिशा बघायला झेंडा लावायची गरज नाही. पाच हिवाळ्यांमागं एका सकाळी त्यांचं विमान उतरायला आलं, आणि धावपट्टीवर मेंढरांचा कळप. विमानानं तीन घिरट्या घातल्या. ईरण्णा काठी घेऊन पळत गेले. कळपाच्या मधोमध पन्नाशी ओलांडलेली एक उंच, सडसडीत बाई घोंगडी खांद्यावर टाकून शांत उभी.

"अक्का! किती मेंढरं हायेत तुमची?"

"हायेत."

"अहो, पण किती?"

"सगळी."

ईरण्णांना वाटलं, बाई चेष्टा करते आहे. चेष्टा तर होतीच. धुरपदाबाईंचा सगळा जन्म चेष्टेतच गेलेला. पण त्यात एक खरंही होतं. मेंढरं मोजायची नसतात, मोजली की दृष्ट लागते, असं त्यांच्या घरात वाडवडिलांपासून मानत. संध्याकाळी मेंढवाड्याच्या तोंडाशी उभं राहून कोण आलं न् कोण राहिलं, हे त्या कळपाच्या तोंडाकडं बघून सांगायच्या. बोटांवर कधी मोजलं नाही.

बाईंनी एक शीळ घातली आणि अख्खा कळप धावपट्टीवरून असा बाजूला झाला, की पलटणीलाही जमलं नसतं. ईरण्णांनी तिथंच त्यांना कामावर ठेवलं. काम एकच, जनावरं धावपट्टीवर येऊ द्यायची नाहीत. पुढं गुडघा धरला, कळप विकावा लागला, पण धावपट्टी त्यांनी सोडली नाही.

मग एकदा तीन पडीक गडी शेडमध्ये एका छत्रीच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत बसले होते. विमानाला खोळंबा, एकमेकांना शिव्या, घामाच्या धारा. धुरपदाबाई पाणी प्यायला आल्या होत्या. थोडा वेळ बघितलं, मग राहवेना.

"सरका. गुंता वढायचा नसतो. झाडायचा असतो."

चाळीस वर्षं लोकर कातलेला हात तो. त्यांनी दोऱ्या बोटांवर घेतल्या, दोनदा झाडल्या, एकदा फुंकर घातली, आणि तिघांचं तोंड उघडं असतानाच गुंता सुटला. ईरण्णा लांबून बघत होते. त्यांनी मिशी चोळली. मिशी चोळली की त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं.

त्या हिवाळ्यात त्यांनी बाईंना छत्री बांधायला शिकवलं. शंभर वेळा बांधायला लावली आणि शंभर वेळा स्वतः उघडून बघितली. एकशे एकावी पाठीला लावून विमानात चढले. खाली बाई घोंगडीचं टोक तोंडात धरून उभ्या. छत्री उघडली, फुलली, आणि सुभेदार अलगद त्यांच्यासमोर येऊन उतरले.

"अक्का," ते म्हणाले, "पलटणीत इतकी वर्षं काढली, असं मऊ पहिल्यांदा उघडलं."

त्यावर तळावर एकच कालवा उठला, "पेढे! पेढे! सुभेदार सापडले!"

कारण या लोकांचा एक कायदा आहे. तळावर ज्याच्या तोंडून 'पहिल्यांदा' हा शब्द निघेल, त्यानं सगळ्यांना पेढे द्यायचे. पेढे कुंथलगिरीचेच हवेत, दुसरे चालत नाहीत. परदेशात म्हणे या कायद्याला बियर लागते. ईरण्णांच्या तळावर बाटलीला बंदी, म्हणून तिथं पेढा आला. या एका शब्दासाठी माणसं एकमेकांवर टपून बसलेली असतात. जुनी खोडं 'पहिल्यांदा'च्या जागी 'मागं कधी केलं नव्हतं' असं लांबण लावून बोलतात. नवा माणूस आला की त्याला गोड आवाजात विचारायचं, "काय राव, बेंबळीला याआधी कधी आला होता का?" तो बिचारा म्हणतो, "नाही हो, पहिल्यां..." वाक्य पुरं व्हायच्या आत पेढे ठरलेले. एकदा जमिनीची पाहणी करायला आलेले तलाठीसाहेबही असेच सापडले, आणि कागद मागायला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी खोका घेऊन आला.

दुसराही एक रिवाज आहे. पाठीवर दोन छत्र्या असतात, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य छत्रीनं दगा दिला तर ती तोडून द्यायची आणि राखीव उघडायची. जीव राखीवनं वाचला, की ती ज्यानं बांधली त्याच्या हातात पहिला पेढा. राखीव फक्त ईरण्णा बांधत, त्याचा परवाना लागतो. मुख्य छत्र्या धुरपदाबाईंकडं.

शेडमध्ये जाड ताडपत्री अंथरलेली असायची. तिच्यावर बाई उभ्या राहायच्या, दोऱ्या खांद्यावर घ्यायच्या. छत्रीला नऊ कप्पे असतात, उशीच्या अभ्र्यासारखे एकमेकांना शिवलेले. त्यांची तोंडं एकेक करून हातात घ्यायची, एकही सुटता कामा नये. मग कापड खाली निजवायचं, वर झोपून त्यातली हवा काढायची आणि पिशवीत भरायचं. कप्पे हातात घेतानाच त्यांचे ओठ हलू लागायचे.

"मावशी, काय म्हणायलाव?" कुणी विचारलं, की त्या डोळे मिचकावायच्या.

"मंत्र हाय, बाबा. सांगितला की उतरतो."

म्हणजे गावातल्या वावड्यांना वारा घालणाऱ्या स्वतः बाईच होत्या. व्यंकटच्या हॉटेलात लिंबाची गोष्ट निघाली तेव्हा तिथंच बाकावर बसून त्यांनी बशीतला चहा सांडेल इतकं हसू दाबलं, आणि गंभीर तोंड करून म्हणाल्या, "लिंबू न्हाय रे. लिंबानं कापडाला डाग पडतो."

चार हिवाळ्यांत त्यांनी हजारावर छत्र्या बांधल्या. एकीनंही दगा दिला नाही. हे ईरण्णांच्या वहीत होतं, आणि बाईंच्या चालीतही होतं. बेंबळीच्या बाजारातून त्या जायच्या तेव्हा पाटलीणबाईसुद्धा वाट द्यायच्या. त्यांच्या मुलाच्या फोनवर एकदा पडीकांतल्या हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंचा फोटो आला, आभाळात पाय हलवताना, खाली लिहिलेलं, 'बांधणी : धुरपदा मावशी'. तो फोटो त्यांनी गल्लीत सगळ्यांना दाखवला. ज्यांनी बघितला होता त्यांना दोनदा दाखवला.

यंदाच्या हिवाळ्यात विरेश आला. सोलापूरचा पोरगा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, तीनशे उड्या झालेला, शिरस्त्राणावर कॅमेरा. पोरगा मनानं वाईट नव्हता. पण तीनशे उड्या हे वयच तसं असतं. शंभराला माणूस घाबरून असतो, हजाराला शहाणा होतो, मधल्या काळात त्याला सगळं येत असतं.

दुपारी वारा वाढला की विमान उडत नाही. मग सगळे पडीक शेडच्या सावलीत बसतात आणि वारा पडेपर्यंत तोंडं चालवतात. ढोकीची सोनाली या तोंडाळांची राणी. बाप साखर कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर घालणारा, पोरगी आभाळातून पडणारी. तिला सगळे 'ट्रॉली' म्हणायचे. ती उतरताना पाय ओढत येते म्हणून विरेश म्हणाला होता, "ट्रॉली आली, मागं चिपाडं वेचायला माणूस पाठवा." त्यावर तिनं सुनावलं होतं, "आणि तू उतरलास की तुरीची मळणी होते. शेतकरी रास करायला पोती घेऊन उभे असतात." ईरण्णा पलटणीतल्या गोल छत्रीच्या आठवणी काढायला लागले, की सगळे मिळून ओरडायचे, "सुभेदार, तुमची छत्री गोल आन् गोष्टबी गोल, फिरून फिरून तिथंच!"

एका दुपारी वाद निघाला तो जुनाच. आपली छत्री आपणच बांधावी, की दुसऱ्यानं बांधलेली चालते?

"जीव आपला, तर घडी आपली," विरेश म्हणाला. "हा खेळ विज्ञानाचा आहे. मी मंत्रावर उडी मारणार नाही."

"विमान तू चालवतोस काय?" सोनालीनं विचारलं. "इंजिन तू खोलतोस? राखीव तू बांधतोस? तिथं दुसऱ्याचा हात चालतो, आणि मावशीचा चालत न्हाय?"

"इंजिनात कुणी मंत्र पुटपुटत नाही."

"तू पायलटचं तोंड बघितलं न्हाईस वर जाताना!"

सगळे हसले. बाईही हसल्या. ताडपत्रीवर बसल्याबसल्या म्हणाल्या, "इंजिनेर, तुमच्या छत्रीला वेगळा मंत्र घालते. इंग्रजीतला." अजून हशा झाला. विरेशही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या, हे बाईंनी बघितलं.

संक्रांतीच्या आदल्या सकाळी ते घडलं. विरेशनं उडी मारली. अर्धा मिनिट सगळं ठीक. छत्री उघडली, आणि उघडताक्षणी एका अंगावर कलंडून भोवऱ्यासारखी फिरायला लागली. खाली कुणी श्वास घेईना. धुरपदाबाई शेडच्या तोंडाशी आल्या. वर तो फिरतोय, फिरतोय, आणि मग मुख्य छत्री सुटून वेगळी झाली, चुरगळलेल्या कागदासारखी तरंगत गेली. दोन क्षणांनी राखीव उघडली.

विरेश धडपणे उतरला. उभ्यानं उतरला. सोनालीनं आधी मिठी मारली, मग पाठीत गुद्दा घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. छत्री कुणाच्यातरी तुरीत सापडली. ईरण्णांनी ती शेडमध्ये पसरली आणि गुडघ्यावर बसून एकेक दोरी बघितली.

छत्रीला दोन ब्रेक असतात, उजवा आणि डावा. बांधताना दोन्ही अर्धे ओढून अडकवून ठेवायचे. उजवा अडकलेला होता. डावा मोकळा.

"घडीत राहिलाय," ईरण्णा हळू म्हणाले. मग मान वर केली. "धुरपदाअक्का?"

"म्या दोन्ही कान अडकवले होते, सुभेदार." बाई ब्रेकला कान म्हणायच्या. "एक कान धरून म्या मेंढरूसुदिक उचललं न्हाय कधी."

सगळे विरेशकडं बघायला लागले. विरेश आपल्या बुटांकडं बघत होता. "मला काही म्हणायचं नाही," तो म्हणाला. "जे आहे ते समोर आहे."

ईरण्णांची मिशी त्या दिवशी हलली नाही. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. पलटणीचा माणूस, नियम म्हणजे नियम. काय झालं ते कळेपर्यंत बाईंनी ताडपत्रीवर बसायचं नाही. मग म्हणाले, "तुम्ही ते काय पुटपुटता अक्का, लोकांना ते आता खटकतंय. त्यात ध्यान गेलं असं म्हणायलेत."

 बाईंनी घोंगडी उचलली, झटकली आणि खांद्यावर टाकली.

घरी मात्र त्यांचं त्यांना ठाऊक. अंगणात बसून त्यांनी घोंगडी उलगडली, घडी घातली, पुन्हा उलगडली. सकाळची ती छत्री हातांनी आठवून बघितली. डोकं खोटं बोलतं, हात बोलत नाहीत. उजवा कान... डावा कान... अंगठ्याला डाव्या ब्रेकचा ताण लागला होता की नव्हता? लागला होता. पण ती सातवी छत्री होती. की सहावीचा ताण आठवतोय? वय अठ्ठावन्न. हजार छत्र्या बांधल्या, पण पाठीवर घेणारा एकच गेला असता तर हजाराला काय चाटायचं? जन्मात कधी नाही ते त्यांना वाटलं, की आपल्याच चेष्टेनं आपला घात केला. मंत्र मंत्र म्हणून हसलो, आता खरं काय ते सांगायला गेलो तर कोण ऐकणार?

व्यंकटनं अर्थातच दुसऱ्या सकाळी बातमी फिरवली. मंत्र उतरला.

दुसऱ्या दिवशी बाई तळावर आल्या. ताडपत्रीवर बसायला बंदी होती, धावपट्टीवर बसायला नव्हती. त्या आपल्या जुन्या कामावर जाऊन उभ्या राहिल्या, ताठ, हातात काठी. विरेशनं रिवाजाप्रमाणं पेढे आणले होते. पहिला पेढा ईरण्णांच्या हातात दिला आणि पायाला हात लावला. मग खोका सगळीकडं फिरला. बाईंपर्यंत मात्र विरेश स्वतः आला नाही, सोनालीच्या हाती पाठवला.

बाईंनी पेढा घेतला, मोडला, अर्धा सोनालीला दिला. "ट्रॉले, तुला एक सांगू? चिडलेला माणूस डोळ्यांत बघतो. चुकलेला माणूस पायाकडं बघतो. ह्यो पोरगा कालपासून बुटंच बघतोय."

सोनालीच्या डोक्यात तो पेढा विरघळला नाही.

त्याच दुपारी वारा वाढला. सगळे शेडच्या सावलीत. बाई चार हात लांब, उपड्या बादलीवर. विषय दुसरा निघणंच शक्य नव्हतं. हैदराबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या दीडशे उड्या मावशीच्या घडीवर झाल्या, अजून दीडशे होतील. दुसरा एक जण म्हणाला, प्रेम वेगळं, ब्रेक वेगळा. वाद तापला. सोनालीनं मुद्दाम विरेशलाच डिवचलं.

"ब्रेक तर उघडताना झटक्यानंबी सुटतो कधी कधी. तुझीच उघडायची पद्धत खराब असंल. तू वाकडा पडला असशील."

"मी वाकडा पडत नाही! व्हिडिओ बघ."

"मग दोरी जुनी झाली असंल. छत्री सांभाळायची अक्कल लागती. तुला छत्रीतलं काय कळतंय? कॅमेरा पुसायचं तेवढं कळतंय."

"मला कळत नाही?" विरेश उसळला. "सोनाली, पुण्यात माझी मीच करतो. मी काय पहिल्यांदा पॅक केली होती काय?"

"पेढे!" एकदम पंचवीस तोंडं उघडली. "पहिल्यांदा म्हणाला! पेढे! लागोपाठ दुसरा खोका!" टाळ्या, शिट्ट्या, कुणी पत्रा बडवला. विरेशही नाइलाजानं हसला आणि दोन्ही हात वर केले.

फक्त दोन माणसं हसत नव्हती. सोनाली आणि बादलीवरच्या धुरपदाबाई.

"थांबा," सोनाली म्हणाली. हशा थांबेना. तिनं पाण्याची बाटली पत्र्यावर आपटली. "थांबा म्हणते ना! काय म्हणालास? पॅक केली होती? कुठली? छत्री तर मावशीनं बांधली होती."

 विरेश बुटांकडं बघू लागला.

मग सांगितलं त्यानं, एकाच दमात, अंगात घुसलेला काटा उपटावा तसं. मावशींनी इंग्रजी मंत्राची चेष्टा केली, सगळे हसले, ते डोक्यात बसलं. त्या सकाळी मावशींनी बांधून दिलेली छत्री त्यानं तंबूत नेऊन उघडली आणि स्वतः बांधली. विमानाची हाक आली, घाई झाली. डावा ब्रेक... आठवत नाही. बहुतेक राहिला. उतरल्यावर आधी भीतीनं बोलला नाही, मग लाजेनं.

"यव्वा!" ईरण्णा कानडीत इतकंच म्हणाले. पण ते असं म्हणाले, की विरेशला पंचवीस माणसांच्या शिव्या परवडल्या असत्या. सुभेदार उठले, चार हात चालून बादलीपाशी गेले, आणि सगळ्यांसमोर बाईंना कडक सलाम ठोकला, पलटणीत साहेबाला ठोकतात तसा. "अक्का, चूक माझी. घडी आधी उघडली होती का, ते विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही."

विरेशही आला. मावशींच्या पायाकडं वाकला. बाईंनी त्याचा कान धरला. डावाच.

"ह्यो कान राहिला होता बग तुझा."

हशा असा फुटला की माळावरचे होले उडाले. विरेशच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता.

बाई ताडपत्रीकडं चालत गेल्या. पण बसल्या नाहीत. काठावर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांकडं तोंड केलं.

"माजीबी एक चूक हाय," त्या म्हणाल्या. "मंत्र मंत्र म्हणून म्याच हसले. जो जीव पाठीला बांधून देतो, त्याच्यापुढं झाकून ठिवू नये. लेकरू भ्यालं त्यात नवल न्हाय. आता विरेशा, तुजी छत्री आण. सगळ्यांनी जवळ या. म्या मोठ्यानं म्हणते."

विरेशनं छत्री आणून दोन्ही हातांवर दिली, लग्नातलं ताट द्यावं तशी. बाईंनी आधी ब्रेक अडकवले आणि दाखवले, "ह्यो उजवा. ह्यो डावा." मग दोऱ्या खांद्यावर घेतल्या. पंचवीस पडीक, एक सुभेदार, एक पायलट आणि वास काढत सायकलवर आलेला व्यंकट, सगळे गोल करून उभे. डाव्या टोकाचा कप्पा त्यांनी हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"काळुंद्री."

पुढचा कप्पा. "बांडी."

"भुरी. लांबकानी. चांदी. ठिपकी."

व्यंकट सोनालीच्या कानाला लागला, "कुठल्या देवीची नावं ही?" सोनालीनं त्याला कोपरानं ढोसलं.

"मोरी. कवळी." शेवटच्या कप्प्याला बाईंचा हात जरा थांबला. तो त्यांनी हळूच बाकीच्यांत मिळवला. "आन् ही लंगडी. ही नेहमी मागं राहती. हिला न्हाय बोलावलं तर वाड्याचं दार लागत न्हाय."

वारा पडला तशी विमानाची हाक आली. विरेशनं ती छत्री पाठीला लावली आणि तसाच चढला. तो वर असताना धुरपदाबाईंनी आभाळाकडं पाहिलंही नाही. त्या पुढची छत्री घेऊन बसल्या होत्या, कारण ताडपत्रीपुढं रांग लागली होती, आणि रांगेत सगळ्यांत पुढं, हातात पेढा घेऊन, सुभेदार ईरण्णा उभे होते.

धुरपदाबाईंना कुठलाही मंत्र येत नव्हता. लग्नात बापानं त्यांना नऊ मेंढ्या आंदण दिल्या होत्या. छत्रीला कप्पे नऊ होते. मोजायची सवय नव्हती, म्हणून त्या नावं घेत होत्या.